सही आपली, हात दुसऱ्याचा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते सर गणिताचे. उत्तर बरोबर आलं तरी मधल्या पायऱ्या दाखवल्याशिवाय ते गुण देत नसत, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. त्यातले काही आज समोर बसले आहेत. म्हणून मी उत्तर आधीच सांगून टाकतो आणि मग पायऱ्या दाखवतो. एखादी पायरी चुकली तर प्रश्नोत्तरांच्या वेळी माझा कान धरा.

उत्तर असं आहे. फसव्या प्रोग्रॅमनं ज्याचं खातं रिकामं केलं, त्याला घरचे, शेजारचे, बँकेतले आणि पोलीस एकच प्रश्न विचारतात, "पण तुम्ही ते दाबलंतच कशाला?" हा प्रश्न चुकीचा आहे. एका दाबण्यात एवढा अधिकार कुणी भरून ठेवला होता, हे विचारायला हवं.

माझी नोकरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात गेली. आमच्या क्षेत्रातली माणसं संकटाची भाषा फार बोलतात आणि ऐकणारा घाबरून घरी जातो. तसं होऊ नये म्हणून विषय मुद्दाम लहान केला आहे. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून धमकावणारे, शेअर बाजाराचे गट चालवणारे, हे सगळे आज बाजूला. आज फक्त एका जातीचा प्रोग्रॅम: जो दिसायला उपयोगी, निरुपद्रवी, प्रसंगी मंगलही असतो आणि जो आपण आपल्या हातानं आत घेतो. त्याला ट्रोजन म्हणतात.

ट्रॉयच्या लाकडी घोड्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मला विचाराल तर वनपर्वातली इल्वल आणि वातापीची गोष्ट इथे जास्त नेमकी बसते. इल्वल आपल्या भावाला, वातापीला, मेंढा बनवायचा, रांधायचा आणि ब्राह्मणांना जेवू घालायचा. जेवणं झाली की हाक मारायचा आणि वातापी पाहुण्याचं पोट फाडून बाहेर यायचा. यात जबरदस्ती कुठेच नाही. पानात वाढलेलं खरोखरच जेवण असतं, आणि बाहेरून हाक येईपर्यंत पाहुण्याला काही होतही नाही. कसबी ट्रोजन हे सगळं पाळतो. सांगितलेलं काम करून दाखवतो, मग गप्प बसतो आणि दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवरून आज्ञा येण्याची वाट बघतो.

व्हायरस, वर्म आणि ट्रोजन हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. बोलण्यात तसं चालतं, पण फरक एवढा लक्षात ठेवा: व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून वाढतो, वर्म जाळ्यातून स्वतःच्या पायांनी फिरतो, आणि ट्रोजनला आत यायला माणूस लागतो. प्रत्यक्षात एकच प्रोग्रॅम तिन्ही सोंगं घेतो, म्हणून वर्गवारीत फार अडकू नये.

आता पहिली खरी पायरी. संगणकाला तुम्ही दिसत नाही. त्याला दिसतो तो तुमच्या नावानं चाललेला प्रोग्रॅम. तुम्ही एखादा खेळ सुरू केलात की संगणकाच्या लेखी तो खेळ म्हणजे तुम्हीच. तुम्हाला जी फाइल पुसता येते, ती त्यालाही पुसता येते. तुम्हाला जे पत्र वाचता येतं, ते त्यालाही. हे कळायला संगणकशास्त्राला फार वेळ लागला नाही. अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये केलेल्या अभ्यासात 'ट्रोजन हॉर्स' हा शब्द आहे आणि तो सुचवण्याचं श्रेय तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतल्या डॅनियल एडवर्ड्स यांना दिलेलं आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनी उपायही लिहून ठेवला: प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, त्याहून कणभर जास्त नको. बुद्धिबळाच्या खेळाला तुमची पत्रं वाचायचं कारण काय? इतकं साधं. तेव्हापासून पन्नास वर्षं लोटली आणि आपण अजून विजेरीच्या ॲपला फोनमधले सगळे नंबर बघू देतो.

त्याच १९७५ साली जॉन वॉकर नावाच्या प्रोग्रॅमरनं एक गंमत केली. पुढे ऑटोडेस्क कंपनीच्या संस्थापकांमध्ये तो होता. युनिव्हॅक संगणकावर त्यानं 'ॲनिमल' नावाचा खेळ लिहिला होता. तुम्ही मनात एक प्राणी धरायचा, प्रोग्रॅम प्रश्न विचारत विचारत तो ओळखणार. खेळ लोकप्रिय झाला. जो तो टेपवर प्रत मागू लागला. पाठवून कंटाळलेल्या वॉकरनं खेळातच 'परव्हेड' नावाचा तुकडा घातला. तुम्ही प्राणी ओळखवण्यात रंगलेले असताना हा तुकडा, तुम्हाला जिथे जिथे लिहिण्याचा अधिकार असेल त्या प्रत्येक जागी खेळाची एक प्रत ठेवून यायचा. साध्या कर्मचाऱ्यानं खेळ खेळला तर त्याच्या कप्प्यात आणि यंत्रणेच्या व्यवस्थापकानं खेळला तर सगळीकडे. वॉकरनं कुणाचं काही बिघडवलं नाही, उलट जुन्या फाइलींना धक्का लागू नये याची काळजी घेतली. पण पायरी सिद्ध झाली: एकही कुलूप न तोडता प्रोग्रॅम सगळं घर फिरून आला, कारण किल्ल्या खेळणाऱ्याच्या होत्या.

दुष्ट हेतूची पहिली मोठी गोष्ट १९८९ च्या डिसेंबरमधली. ती जरा सावकाश सांगतो, कारण आजच्या फसवणुकीत जे काही आहे ते बहुतेक सगळं तिच्यात सापडतं. लंडनहून टपालानं सुमारे वीस हजार फ्लॉपी डिस्क अनेक देशांत पोचल्या. पाठवण्यासाठी नावं घेतली होती एका संगणक मासिकाच्या वर्गणीदारांच्या यादीतून आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला आलेल्यांच्या यादीतून. डिस्कवर लिहिलेलं होतं, एड्सविषयी माहिती. त्या वर्षी या रोगाची धास्ती जगभर होती आणि डॉक्टरांना, संशोधकांना अशी माहिती हवीच होती. डिस्क संगणकात घातली की खरोखरच एक प्रश्नावली सुरू व्हायची, तुमच्या सवयी विचारायची आणि तुम्हाला धोका किती ते सांगायची. जेवण खरं होतं.

दरम्यान तो प्रोग्रॅम संगणक सुरू होताना चालणाऱ्या फाइलीच्या जागी स्वतःची फाइल ठेवायचा आणि तुम्ही किती वेळा संगणक सुरू केलात ते मोजायचा. साधारण नव्वदाव्या वेळी फाइलींची नावं अगम्य व्हायची, कप्पे दिसेनासे व्हायचे आणि पडद्यावर मागणी यायची: परवान्याचे १८९ डॉलर पनामातल्या अमुक टपालपेटीवर पाठवा. नव्वद वेळा म्हणजे रोज एकदा संगणक लावणाऱ्याचे तीन महिने. तोवर ती डिस्क कुठून आली होती हेही माणूस विसरलेला.

मला त्यातलं सर्वांत बोलकं वाटतं ते डिस्कसोबतचं पत्रक. त्यात बारीक अक्षरात चक्क लिहिलेलं होतं, की पैसे न भरल्यास आमचा प्रोग्रॅम तुमच्या इतर प्रोग्रॅमांवर परिणाम करील. म्हणजे इशारा होता, आणि तो कुणी वाचला नाही. आपल्यापैकी ॲप बसवताना अटी वाचतो असा माणूस इथे असेल तर त्यानं हात वर करावा, मी त्याचा सत्कार करतो. डिस्कमागे निघाला जोसेफ पॉप, हार्वर्डमध्ये शिकलेला जीवशास्त्रज्ञ. त्याला अमेरिकेत पकडून इंग्लंडला नेलं, खंडणीचे आरोप ठेवले, पण मानसिकदृष्ट्या खटल्याला सामोरा जाण्याच्या स्थितीत नाही, असं ठरून १९९१ मध्ये खटला थांबला. जिम बेट्स नावाच्या तज्ज्ञानं फाइलींची नावं परत मिळवून देणारा प्रोग्रॅम लिहिला. पॉपचं कुलूप कच्चं होतं; आजची खंडणीखोरांची कुलुपं तशी उघडत नाहीत.

चार मे २००० ला मनिलातून निघालेलं प्रेमपत्र तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. ईमेलमध्ये 'आय लव्ह यू' असा विषय आणि सोबत पत्र असल्याची फाइल. फाइलीच्या नावाच्या शेवटी ती प्रोग्रॅम असल्याची खूण होती, पण विंडोज त्या काळी ती खूण सोयीसाठी लपवत असे, त्यामुळे दिसायला ती साधा मजकूर वाटायची. 'का दाबलंत?' असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की ओळखायची खूण यंत्रणेनंच झाकून ठेवलेली होती. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा कृत्याविरुद्ध कायदाच नव्हता, म्हणून तो प्रोग्रॅम लिहिणारा तरुण सुटला. कायदा जूनमध्ये आला.

आतापर्यंतच्या गोष्टींत निदान एक उपाय शिल्लक होता: अनोळखी माणसाकडून काही घेऊ नका. आता तोही काढून घेतो.

१९८३ चं ट्युरिंग पारितोषिक युनिक्स या संगणकप्रणालीचे कर्ते केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांना मिळालं. त्या वेळचं थॉम्प्सन यांचं भाषण १९८४ मध्ये छापलं गेलं. अवघी तीनेक पानं आहेत, पण माझ्या मते आमच्या विषयातलं ते सर्वांत अस्वस्थ करणारं लेखन आहे. प्रोग्रॅमर जे लिहितो ते माणसाला वाचता येतं. संगणकाला समजेल अशा रूपात ते बदलण्याचं काम कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम करतो. थॉम्प्सन म्हणाले, समजा मी कंपायलरमध्ये असा तुकडा घातला, की लॉगिनचा प्रोग्रॅम समोर आला तर त्यात माझ्यासाठी गुप्त दार ठेवायचं. लॉगिनचा मजकूर कितीही तपासा, स्वच्छ. कुणी हुशार माणूस म्हणेल, मग कंपायलर तपासतो. त्यासाठी दुसरा तुकडा: कंपायलरच समोर आला तर त्यात हे दोन्ही तुकडे पुन्हा घालायचे. एकदा असा कंपायलर तयार झाला की त्याच्या मूळ मजकुरातून दोन्ही तुकडे पुसून टाकायचे. आता वाचायला काहीच उरत नाही. सगळी पानं निर्दोष आणि दार मात्र उघडं. कुणाच्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायचा हे नुसतं वाचून ठरत नाही, तो लिहिणारी माणसं कोण आहेत यावर अखेर सगळं येतं, असं त्यांचं म्हणणं.

चाळीस वर्षांपूर्वी हे तात्त्विक वाटलं असेल. २७ जून २०१७ रोजी ते न्हावाशेव्याच्या बंदरात येऊन उभं राहिलं.

झालं होतं असं. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी 'एम. ई. डॉक' नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरतात, जसं आपल्याकडे टॅली. कीव शहरातली छोटी कंपनी ते बनवायची. हल्लेखोरांनी तिच्या सर्व्हरमध्ये शिरून तिच्याच नव्या आवृत्तीत आपला माल भरला. ग्राहकांनी काय चूक केली? कंपनीनं पाठवलेली सुधारित आवृत्ती बसवून घेतली. आम्ही संगणक विभागातली माणसं वर्षानुवर्षं जे कानीकपाळी ओरडत होतो, 'अपडेट करा', तेच त्यांनी केलं. त्या वाटेनं 'नॉटपेट्या' आत गेलं आणि मग स्वतःच जाळ्यातून धावत सुटलं. वर त्याचं सोंग दुहेरी होतं. पडद्यावर खंडणीची मागणी दिसायची, पण पैसे भरूनही काही परत मिळण्यासारखं नव्हतं. तो नुसता नाश होता. अमेरिका आणि ब्रिटननं पुढे त्याची जबाबदारी रशियाच्या लष्करावर ठेवली.

युक्रेनमध्ये कार्यालय असलेल्या बड्या कंपन्या त्यात ओढल्या गेल्या. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यातली एक. जगभरची तिची टर्मिनल्स अडली, आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावाशेव्यातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे त्यातलंच. कुठला कंटेनर कुणाचा हे सांगणारी यंत्रणा बंद पडल्यामुळे तिथलं काम हातानं करायची वेळ आली. कीवमधल्या हिशेबनिसाच्या संगणकावरचं अपडेट आणि उरणच्या रस्त्यावर खोळंबलेला ट्रकचालक, यांच्यामध्ये कुणीही मूर्खपणानं काही 'दाबलं' नव्हतं. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं, की दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले. कंपनीचं नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेलं. कर्मचाऱ्यांची ओळख आणि अधिकार सांभाळणाऱ्या सर्व्हरांपैकी एकच वाचला होता, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. भारनियमनाला शिव्या देणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

दुसरं उदाहरण शेवट चांगला झालेलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दिसलं, की दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसरा असता तर त्यानं चहा घेतला असता. हा खोदत गेला आणि 'एक्सझेड' नावाच्या, लिनक्सवर सर्वत्र असलेल्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गुप्त दार सापडलं. 'जिया टॅन' या नावानं कुणीतरी दोन-तीन वर्षं त्या प्रकल्पात इमानेइतबारे काम केलं होतं, थकलेल्या मूळ व्यवस्थापकाचा विश्वास मिळवला होता, सूत्रं हातात घेतली होती आणि मग तो तुकडा चाचणीच्या फाइलींत लपवून आत सरकवला होता. इथे सोंग प्रोग्रॅमचं नव्हतंच, माणसाचं होतं. थॉम्प्सन यांचं म्हणणं पुन्हा वाचा.

पुण्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. एटीएममध्ये कार्ड घातलं की 'पैसे द्यायचे का?' हा प्रश्न बँकेच्या यंत्रणेकडे जातो. हल्लेखोरांनी मध्येच आपली नकली यंत्रणा बसवून तिच्याकडून 'द्या' असं उत्तर देववलं. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. ग्राहकांच्या खात्यांना हात लागला नाही, बँकेचे गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना शिक्षा सुनावली; ती बहुतेक यंत्रापाशी उभं राहून पैसे काढणारी माणसं.

आता आपल्या खिशातल्या फोनकडे येतो.

'आमच्या येथे श्रीकृपेकरून' असा संदेश व्हॉट्सॲपवर येतो, खाली पत्रिकेची फाइल. कधी ती आरटीओच्या दंडाची पावती असते, कधी शेतकरी सन्मान निधीचा हप्ता, कधी कराचा परतावा. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेनं 'ड्रिनिक' नावाच्या अशाच प्रकाराबद्दल इशारा दिला होता: आयकर खात्याचा मुखवटा घातलेलं ॲप, निशाण्यावर २७ हून अधिक बँकांचे ग्राहक. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ असायला हवी. ही फाइल 'एपीके' असते, म्हणजे अँड्रॉइडचा आख्खा प्रोग्रॅम. पाठवणारा नंबर मात्र मेव्हण्याचा असतो, कारण कालच मेव्हण्याचा फोन बळी पडलेला असतो आणि पुढचं वाटप त्याच्या व्हॉट्सॲपवरूनच झालेलं असतं. 'अनोळखी माणसाचं उघडू नका' हा उपदेश इथे कामाचा नाही.

फोन आडवा येतोच. बाहेरून आलेलं ॲप बसवायचं का? एसएमएस वाचू द्यायचे का? आणि मग सगळ्यांत घातक, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी. ही सोय दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं. दृष्टिहीन माणसाला ते डोळे आणि हात देतं; ट्रोजनला परवानगी दिली की तेच डोळे आणि तोच हात त्याचे. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून बसवलेल्या ॲपना ही परवानगी सहजासहजी मिळत नाही, हे चांगलं झालं. पण ती कशी द्यायची याच्या पायऱ्या चोर आपल्या ॲपमध्ये चित्रांसह दाखवतात, आणि मदत कक्षापेक्षा स्वच्छ भाषेत दाखवतात हे मला कबूल करावं लागतं. परवानग्या मिळाल्या की ॲपचं चिन्ह अनेकदा गायब होतं. रात्री बँकेचा ओटीपी येतो, तुम्हाला दिसण्याआधी पुढे जातो.

ओटीपी आला तेव्हा आम्ही बँकवाले खूश होतो. कल्पना चांगली होती: व्यवहार संगणकावर, खात्रीचा आकडा फोनवर. दोन वेगळी साधनं एकाच वेळी चोराच्या हाती लागणं कठीण. मग बँकेचं ॲपही फोनवर आलं आणि ओटीपीही त्याच फोनवर राहिला. दोन साधनांचं एक झालं, आणि संरक्षण मात्र दोनाचंच आहे असं आपण धरून चाललो. ही चूक कुठल्याही आजोबांनी केलेली नाही. ती आमच्यासारख्यांनी बैठकीत बसून, चहा-बिस्किटं खात, सोयीच्या नावाखाली केली.

अजून एक. दाबण्याची सवय या देशाला लावली कुणी? केवायसीसाठी लिंक पाठवणाऱ्या बँका, 'आमचं ॲप डाउनलोड करा' म्हणणारी खाती, निकाल, वीजबिल, लस, सगळ्यांनी. वर्षानुवर्षं लिंकवर बोट ठेवायला शिकवायचं आणि एके दिवशी त्याच बोटाला गुन्हेगार ठरवायचं, हे मला पटत नाही. उशिरा का होईना, काही बदल होत आहेत. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायनं १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या लिंक आणि एपीके असलेले व्यावसायिक एसएमएस अडवायला सांगितलं. रिझर्व्ह बँकेनं बँकांना '.बँक.इन' या राखीव पत्त्यावर जायला लावलं. पण पत्रिका व्हॉट्सॲपवर येते, एसएमएसवर नाही.

कुणी म्हणेल, अँटिव्हायरस आहे ना? आहे, आणि तो ठेवावा. पुण्यातच रहिमतपूरच्या काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हीलसारखी कंपनी उभी केली, याचा अभिमानही बाळगावा. पण अँटिव्हायरस मुख्यतः आधी सापडलेल्या खुणा आणि संशयास्पद वागणूक ओळखतो. फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणितानं दाखवलं आहे, की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखील असा प्रोग्रॅम लिहिणं शक्य नाही. सरांना ही सिद्धता आवडली असती. एसएमएस वाचून पुढे पाठवणारं ॲप प्रामाणिकही असू शकतं. वाईटपणा हेतूत असतो आणि हेतू फाइलीत लिहिलेला नसतो.

यातून आणखी एक पायरी निघते, न्यायाची. संगणकावर सापडलं म्हणजे मालकानंच ठेवलं, हे गृहीत धरता येत नाही. पुण्यात नोंदल्या गेलेल्या एका गाजलेल्या खटल्यात, आरोपीच्या लॅपटॉपवर 'नेटवायर' नावाचा ट्रोजन होता आणि कागदपत्रं बाहेरून पेरली गेली, असा अहवाल एका अमेरिकी न्यायवैद्यक संस्थेनं २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेनं तो मानला नाही. त्यावर बोलणं न्यायालयाचं काम, माझं नाही. उलट बाजूही आहे: इंग्लंडमध्ये २००३ साली एका बंदराच्या संगणकांवर हल्ला केल्याचा आरोप असलेला तरुण 'माझ्या संगणकावर ट्रोजन होता' असं सांगून सुटला, आणि तपासात ट्रोजनचा मागमूस सापडलेला नव्हता. दोन्ही टोकांना एकच अडचण आहे. सही कुणाची हे संगणक सांगतो, हात कुणाचा हे सांगत नाही.

शेवटी पैशाचं. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं म्हटलं, की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काही भार नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, उदाहरणार्थ त्यानं गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही असेच नियम लागू झाले. माझं स्पष्ट मत असं, की ट्रोजननं वाचून नेलेला ओटीपी हा ग्राहकानं 'दिलेला' ओटीपी नाही. घाबरलेला ग्राहक काउंटरवर म्हणतो, "हो, माझ्याकडूनच गेला." कारकून तसं लिहितो, आणि एका वाक्यात ग्राहकाचा हक्क संपतो.

म्हणून इथे बसलेल्या सर्वांना विनंती. असं काही झालं तर फोन लगेच विमान मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून सायबर गुन्ह्यांसाठीची १९३० ही हेल्पलाइन लावा, मग बँकेला कळवा. घाईघाईनं फोन कोरा करू नका, ती फाइल आणि तो संदेश तुमचा पुरावा आहे. बँकेच्या अर्जात जे घडलं तेच लिहा: अमुक नावाची फाइल आली, ती उघडली, त्यानंतर ओटीपी मी कुणालाही सांगितला नसताना व्यवहार झाले. तारीख, वेळ टाका आणि पोच घ्या. आणि समोर जे बँकेतले मित्र बसले आहेत त्यांना सांगतो, ग्राहकाच्या तोंडी 'शेअर केला' हा शब्द तुम्ही घालू नका.